एका बोटाची ईद

पाक बोल्हीला सुईची भीती वाटायची. अडतीस वर्षं त्याने नदीवर नाव चालवली होती. दोनदा मगर पाहिली होती, त्यातली एक तर इतक्या जवळून की तिच्या दातात अडकलेलं माशाचं शेपूटही त्याला दिसलं होतं. तेव्हा तो घाबरला नाही. पण दवाखान्यातली नर्स बोटाला टोचायची ती इवलीशी सुई काढू लागली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि तो मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणायला लागायचा.

त्यांच्या गावात वडीलधाऱ्या बाईला माक आणि पुरुषाला पाक म्हणतात. साखरेच्या पाकाशी त्याचा काही संबंध नाही. निदान त्या वर्षीच्या रमजानपर्यंत तरी नव्हता.

"झालं, पाक. उघडा डोळे," नर्स म्हणाली. "अकरा पॉइंट चार."

"चांगलं का?"

"बॅडमिंटन असतं तर चांगलं. मध्यंतराला आघाडीवर असता." तिने कागदावर आकडा लिहिला. "ही साखर आहे. उपाशीपोटी सातच्या आत हवी. ईदपासून सहाव्या दिवशी उपाशीपोटी या. आकडा दहाच्या आत आला तर गोळ्यांवर भागवू, असं डॉक्टर म्हणतायत. नाही आला तर रोज इंजेक्शन. घरच्या घरी, स्वतःच घ्यायचं. पोटावर."

ती पुढे बरंच काही सांगत होती. सुई किती बारीक असते, किती लोक घेतात, सवय कशी होते वगैरे. बोल्हीने 'पोटावर'च्या पुढचं काही ऐकलं नाही.

परतताना नावेत त्याने बायकोला, सापियाहला सगळं सांगितलं आणि वर शपथ घातली, गावात कोणाला कळता कामा नये.

"का? साखर काय चोरीची आहे?" ती म्हणाली.

"द्राहमानचं काय झालं ते पाहिलंस ना?"

द्राहमान गावाच्या अगदी टोकाला राहायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने एका लग्नात सगळ्यांदेखत सांगितलं, मला साखर आहे. त्या दिवसापासून गावातल्या कुठल्याही घरी त्याच्यापुढे फक्त फिकी चौकोनी बिस्किटं यायची, वेगळ्या बशीत, वेगळ्या कोपऱ्यात. आणि बोलणं एकच: "किती?" द्राहमान आकडा सांगायचा. समोरचा मान हलवायचा, कारल्याचा रस प्यायला सांगायचा आणि जिथे केक आणि गप्पा आहेत तिथे निघून जायचा. पूर्वी याच द्राहमानच्या चहाड्या ऐकायला माणसं नदी ओलांडून येत. आता तो म्हणजे नुसता एक आकडा झाला होता.

"मला बिस्किटवाला व्हायचं नाही," बोल्ही म्हणाला.

"मग ईदला दार लावून घरात बसा. ताप आलाय म्हणून सांगू."

"ईदला दार लावलं तर अख्खं गाव बघायला येईल, कोण गेलं म्हणून."

हे खरं होतं. गाव म्हणजे नदीकाठी खांबांवर उभी असलेली तेवीस घरं आणि त्यांच्यासमोरून जाणारी लाकडी फळ्यांची एकच लांबलचक वाट. ईदला प्रत्येक घराचं दार सताड उघडं, आत मेज, मेजावर थरांच्या केकचे किमान सात-आठ प्रकार. प्रत्येकाने प्रत्येकाकडे जायचं, खायचं, हात हातात घेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची आणि पुढच्या घरी जायचं. मागच्या ईदला बोल्हीने पहिल्याच दिवशी सतरा घरं केली होती. घरटी तीन तुकडे धरले तर एक्कावन्न. आटवलेल्या दुधाचा चहा वेगळा.

आणि नाही म्हणायची सोय नव्हती. कोणी खायला पुढे केलं आणि ते न चाखता तुम्ही निघालात, तर केम्पुनान लागतं. म्हणजे त्या दिवशी वाटेत तुमचं काहीतरी वाईट होणार. साप निघेल, फांदी पडेल, मगर येईल. बोल्हीचा चुलता एकदा घाईत कॉफी नाकारून निघाला, तर त्याच दुपारी मगरीने त्याचं वल्हं नेलं. चुलता सुखरूप परतला, पण पुढे आयुष्यभर कॉफीचं नाव निघालं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. वल्हं नवीन होतं.

त्या चुलत्याची आठवण आली आणि बोल्ही नावेत ताठ बसला. केम्पुनानवर उपाय होता की. अगदी घाई असेल, नाव सुटत असेल, तर पुढे आलेल्या पदार्थाला नुसतं बोट टेकवायचं आणि ते बोट ओठांना लावायचं. चाखल्यासारखं झालं. मगर समाधानी, यजमानही समाधानी.

"बोट टेकवीन," तो म्हणाला. "सगळीकडे. नुसतं बोट."

सापियाहने विचार केला. "कुठलं?"

"हे." त्याने अंगठ्याशेजारचं बोट दाखवलं.

"करंगळी. आणि टेकवायचं, खुपसायचं नाही."

घरी आल्यावर तिने साखरेची बरणी उघडून त्याच्याकडून सराव करून घेतला. पहिल्या खेपेला करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. बाराव्या खेपेला तिला चिकटलेले साखरेचे दाणे सापियाहने मोजले, चार भरले. ती म्हणाली, ठीक आहे, जा.

ईदच्या सकाळी नमाजहून आल्यावर, घरी सापियाहच्या देखरेखीखाली भाजी, नारळात आटवलेल्या रेंदांगमधल्या मांसाचे दोन तुकडे आणि अगदी थोडा भात खाऊन तो एकटाच निघाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी घरी कोणीतरी हवं म्हणून सापियाह थांबली.

पहिलं घर शेजारच्या रोस्मावीचं. हा शाळेतला निवृत्त शिपाई, चाळीस वर्षं घंटा वाजवून दोन्ही कान अर्धे झालेले. मेजावर नऊ केक होते. हिरवा, जांभळा, एक बुद्धिबळाच्या पटासारखा. बोल्हीने मनातल्या मनात त्यांना सलाम केला, सगळ्यात जवळच्या केकला करंगळी टेकवली आणि ओठांना लावली.

"बस?" रोस्मावी म्हणाला.

"बस. पोट भरलंय."

इथे एक अडचण आली, जिचा विचार बोल्हीने केला नव्हता. दरवर्षी त्याचं तोंड भरलेलं असायचं. माफीचे शब्द केकमधून कसेबसे बाहेर पडायचे आणि काम भागायचं. या वर्षी तोंड रिकामं होतं, हात रिकामे होते आणि निदान पाच मिनिटं बसल्याशिवाय उठता येणार नव्हतं. रोस्मावीचा हात हातात घेऊन त्याने म्हटलं, "बाहेरचं, आतलं, सगळं माफ कर." ते दोन सेकंदांत संपलं. समोर बुद्धिबळाचा केक. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "ती तुझी छत्री. बांबूच्या मुठीची."

"जी नदीत वाहून गेली?"

"गेली नव्हती. मी नेली होती. सहा वर्षं माझ्या नावेत होती. मग गेली नदीत."

ती कुठे घेतली, कितीला घेतली, सगळं रोस्मावीने सांगितलं. मग त्याने बोल्हीचा हात घट्ट दाबला. डोळे ओले झाले होते. बोल्हीलाही फार बरं वाटलं. घड्याळात पाहिलं तर सात मिनिटं गेली होती आणि केककडे त्याचं लक्षच नव्हतं.

युक्ती सापडली. पुढच्या घरी मशिदीत अजान देणारे बिलाल राहायचे. त्यांच्या केकला त्याने करंगळी टेकवली आणि म्हणाला, "तुमचा तो कोंबडा. रात्री तीनला आरवायचा तो. पळून नव्हता गेला. मी त्याला नावेत घालून पलीकडच्या काठावर सोडून आलो."

"त्याला शोधायला मी दोन दिवस फिरत होतो," बिलाल म्हणाले.

"माहितेय. एक दिवस मीही तुमच्याबरोबर शोधला."

तिसऱ्या घरी माक जेनाब. "तुमच्या मुलीच्या लग्नात मी गाणं म्हटलं होतं. त्याबद्दल माफी."

"बरं झालं विषय काढलात," माक जेनाब म्हणाल्या. "मी ते अजून माफ केलं नव्हतं."

दुपारी एकपर्यंत अकरा घरं झाली. अकरा वेळा करंगळी, एकोणीस गुन्हे. बोल्ही तरंगत घरी आला, सापियाहला करंगळी दाखवली आणि आडवा झाला. इतकं हलकं आपल्याला कुठल्याच ईदला वाटलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. पोट बिघडलेलं नव्हतं, हे एक. शिवाय माणसांशी आपण बोललो होतो.

दोन वाजता बाहेर पायऱ्या वाजल्या. रोस्मावीचा आवाज. त्याला वाटायचं आपण हळू बोलतोय. "वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"लपवू नका. आज त्याने सगळीकडे बोट टेकवलंय. नाव सुटणारा माणूस बोट टेकवतो. आणि माफी कशी मागितली, तर एकेक गोष्ट नावानिशी. तीस वर्षांपूर्वीची छत्री! हे जाणाऱ्या माणसाचं लक्षण आहे, वहिनी. आमचे वडील शेवटच्या आठवड्यात असंच करायचे."

आतल्या खोलीत बोल्ही उठून बसला.

सापियाहची पंचाईत झाली. नवऱ्याची शपथ होती, आणि ईदच्या दिवशी खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. म्हणून तिने खरं तेवढंच सांगितलं. "डॉक्टर म्हणालेत, सहाव्या दिवशी कळेल."

रोस्मावीच्या अर्ध्या कानांना त्यातलं 'डॉक्टर' आणि 'सहा दिवस' एवढं ऐकू आलं. त्याने "या अल्ला" म्हटलं आणि तो पळत सुटला. साठीनंतर फळ्यांच्या त्या वाटेवर पळताना त्याला पहिल्यांदाच कोणी पाहिलं असेल.

"काय बोललीस तू हे?" बोल्ही दारात येऊन म्हणाला.

"खरं बोलले."

"इतकं थोडं खरं बोलतात का?"

पण तोवर उशीर झाला होता. अर्ध्या तासात घर भरलं. जो येईल तो हातात आपला सगळ्यात चांगला केक घेऊन आलेला, शेवटचं म्हणून. बिलाल आले. माक जेनाब आल्या आणि म्हणाल्या, "गाणं इतकं वाईट नव्हतं हो." मेजावर जागा संपली तेव्हा केक शिवणयंत्रावर ठेवले, मग खिडकीत. तेरा झाले. सापियाहने खुर्च्या मांडल्या. बोल्हीला गादीवर नीट बसवून लोकांनी पाठीशी उशी दिली. मी ठणठणीत आहे, असं त्याने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा बायकांनी डोळे पुसले.

आणि मग लोंग आली.

लोंग म्हणजे थोरली. बोल्हीची थोरली बहीण साएराह, वय एकाहत्तर. तिचा केक अठ्ठावीस थरांचा, त्यात तीस अंड्यांचा पिवळा बलक. एकेक थर वेगळा भाजायला तिला पूर्ण दिवस लागायचा आणि त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलायचं नसायचं. तिने केक खाली ठेवला, भावाचा हात धरला आणि आधी पाच मिनिटं नुसती रडली.

"बोल्ही, आईची ती निळी बरणी."

"हो."

"ती फोडल्याबद्दल तुला मार बसला. तू आठ वर्षांचा होतास. ती मी फोडली होती."

बोल्ही चकित झाला. "मी तर आजवर समजत होतो, मीच फोडली."

"मी तुला तसं पटवलं होतं."

मरत नाही म्हणून सांगायचं तर हीच वेळ होती. पण सत्तावन्न वर्षांनी बहीण बोलती झाली होती आणि पुढे आणखी काय निघतंय, ही उत्सुकता त्याला गप्प बसवत होती. निघालंही. त्याच्या पहिल्या प्रेमपत्राचं पुढे काय झालं ते निघालं. त्याचा लाल पतंग कोणी विकला ते निघालं. सापियाह प्रेमपत्राच्या वेळी चहा ओतता ओतता थांबली.

शेवटी लोंगने सुरी घेतली, केकचा जाडजूड तुकडा कापला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. "खा. माझ्या हातचं. पुढच्या ईदला तू असशील, नसशील."

सगळी खोली त्या तुकड्याकडे पाहत होती. बोल्हीने हिशेब केला. खाल्ला तर मागे तेरा केक उभे होते आणि प्रत्येकाचा मालक समोर बसला होता. एकीचा खाऊन दुसरीचा टाळता येणार नव्हता. चौदा तुकडे म्हणजे सहाव्या दिवशी पोटावर सुई. नाही खाल्ला, तर तो मरतोय हे पक्कं झालं, उद्या आणखी चौदा. आणि खरं सांगितलं तर वेगळी बशी, वेगळा कोपरा, बिस्किटं. त्याने करंगळी उचलली.

"बोट नको," लोंग म्हणाली. "तोंड उघड."

त्याच वेळी दारात द्राहमान आला. तो टोकाला राहायचा, त्यामुळे बातमी त्याच्याकडे सगळ्यात शेवटी पोचली होती. बगलेत बिस्किटांचा डबा होता, कारण घरात दुसरं काही नव्हतंच. त्याने गर्दीकडे पाहिलं, चौदा केक पाहिले, बोल्हीची हवेत थांबलेली करंगळी पाहिली, आणि सवयीने विचारलं, "किती?"

"अकरा पॉइंट चार," बोल्हीच्या तोंडून निघून गेलं.

हा कुठल्या भाषेतला सवाल-जवाब आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"म्हणजे तू मरत नाहीयेस?" लोंग म्हणाली.

"सध्या नाही."

"सहा दिवस म्हणजे काय मग?"

"सहाव्या दिवशी परत मोजणार. दहाच्या वर गेलं तर सुई. पोटावर." आणि हे सांगताना त्याचा आवाज असा कापला की कोणाला हसू आलं नाही.

लोंगने तुकडा खाली ठेवला. "निळ्या बरणीचं बोललेलं मी परत घेते."

"आता नाही घेता येणार. साक्षीदार आहेत."

बोल्ही वाट पाहत होता, आता कोण उठून कोपऱ्यातली खुर्ची ओढतं. पण कोणी उठेना. रोस्मावी घसा खाकरून जमिनीकडे पाहत म्हणाला, "माझी बारा पॉइंट एक." त्याला वाटलं तो हळू बोलला.

"काय म्हणालास?"

"दोन वर्षं झाली. सांगितलं नाही. म्हटलं, बिस्किटं देतील."

मग बिलालांनी दहा पॉइंट दोन सांगितली. माक जेनाब म्हणाल्या, माझी साखर नाही, दाब आहे, चालेल का. चालेल म्हणाले सगळे. खोलीभर आकडे ऐकू येऊ लागले. सामन्याचे गुण सांगावेत तसे लोक सांगू लागले, आणि ज्याचा कमी त्याच्याकडे इतर जरा आदराने पाहू लागले. शेवटी सगळ्यांच्या माना लोंगकडे वळल्या.

"नऊ पॉइंट नऊ," ती म्हणाली. "चार वर्षं स्वतःचा केक खाल्लेला नाही. गोड झालाय का ते बोट टेकवून बघते."

सापियाहने चहाची किटली खाली ठेवली. "मग दरवर्षी हे सगळे केक खातं कोण?"

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी केक करत होता, दुसरा पहिल्याला वाईट वाटू नये म्हणून खात होता आणि घरी जाऊन गोळी घेत होता. खिडकीत बसलेलं मांजर तेवढं सुटलं होतं, आणि तेही काही बारीक नव्हतं.

आता प्रश्न उरला चौदा केकचा. पुढे आले होते, म्हणजे नाकारता येत नव्हते. एकदम एकोणीस माणसांना केम्पुनान लागलं तर मगरीच पुरल्या नसत्या. सापियाहने सगळ्यांना ओळीने साबणाने हात धुवायला लावले. मग एकोणीस माणसांनी चौदा केकना करंगळ्या टेकवल्या, म्हणजे दोनशे सहासष्ट वेळा. शेवटी लोंगच्या अठ्ठावीस थरांच्या केककडे पाहवत नव्हतं. त्यावर पावसाचे थेंब पडून गेल्यासारखी एकोणीस भोकं होती.

"एवढ्यांनी एकाच वेळी कधी चाखला नव्हता," ती म्हणाली, आणि तिला ते वाईट वाटलं की चांगलं, हे कळलं नाही.

द्राहमान अजून दारातच उभा होता, डबा बगलेत. बोल्हीला एकदम आठवलं की सहा वर्षांत आपणही त्याला 'किती'खेरीज काही विचारलेलं नाही. तो म्हणाला, "द्राहमान, आत ये. बस इथे माझ्याजवळ. तू आमच्या घरातलं काय काय चोरलंस ते सांग."

द्राहमानचा चेहरा उजळला. त्याने डबा खाली ठेवला, बाह्या वर सारल्या. "कुठून सुरू करू?"

इथून पुढचे चार दिवस गावात जे चाललं ते ठरवून कोणी केलं नसतं. सगळ्यांना बोल्हीचा नाद लागला. घरोघरी आधी बोट टेकवायचं आणि मग नावानिशी माफी. पण माफी मागितली की वाद यायचा. रोस्मावी म्हणायचा, छत्री सहा नव्हे, आठ वर्षं तुझ्याकडे होती. बोल्ही म्हणायचा, सहा. मग, चल बिलालांना विचारू. दोघं निघायचे फळ्यांच्या वाटेने. बिलाल म्हणायचे, छत्रीचं मला माहीत नाही, पण ज्या वर्षी कोंबडा गेला त्याच वर्षी जेनाबच्या मुलीचं लग्न होतं. की तिघं जेनाबकडे. जेनाब म्हणायच्या, साल मला आठवत नाही, द्राहमानला विचारा, त्याला गावाची सगळी पापं पाठ आहेत. की चौघं गावाच्या टोकाला.

वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहाशे चाळीस पावलांची होती. बोल्हीने मोजली होती. तिसऱ्या दिवशी निळ्या बरणीच्या प्रकरणात ती त्याने अकरा वेळा पालथी घातली, कारण लोंगने बरणी परत त्याच्यावर ढकलायचा नवा प्रयत्न केला आणि साक्षीदार गोळा करावे लागले. भूक लागली की जे घर जवळ असेल तिथे भाजी, मासे, मूठभर भात. मग परत बाहेर. द्राहमान मध्ये उभा राहून निकाल द्यायचा. त्याच्या घरासमोर एवढी गर्दी जमली की एक फळी मोडली आणि ती कोणी मोडली, यावर नवीन प्रकरण सुरू झालं. बिस्किटांचा डबा फिरत होता. बसायला वेळ नसलेल्या माणसाला बिस्किट सोयीचं पडतं, हे गावाला नव्याने कळलं.

पाचव्या दिवसाअखेर बोल्हीचे सगळे गुन्हे संपले. एकूण एक्केचाळीस. त्याने डोकं खाजवून पाहिलं, एकही उरला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी तो आणि सापियाह उपाशीपोटी नावेत बसले, तर मागून रोस्मावी, बिलाल, द्राहमान आणि लोंगही चढले. आम्हाला बाजारात काम आहे, म्हणाले. सगळे दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले.

आत नर्सने सुई काढली. बोल्हीने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. बाहेरून पाच आवाजांनी ती त्याच्याबरोबर म्हटली. रोस्मावी एक शब्द मागे होता.

"उघडा, पाक," नर्स म्हणाली. तिने यंत्राकडे दोनदा पाहिलं. "नऊ पॉइंट सहा. ईदनंतर कोणाचं कमी झालेलं मी पाहिलं नाही. केलंत काय?"

"माफी मागितली."

"आणि?"

"आणि चालत गेलो मागायला."

नर्सने ते लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, सध्या सुई नको, गोळ्या चालू ठेवा, हे असंच चालू ठेवा, तीन महिन्यांनी या. मग दारातून बाहेर पाहून म्हणाली, "आणि तुम्ही पाच जण, आलाच आहात तर एकेक करून आत या." बाकावरचे चौघं एकमेकांना पुढे ढकलू लागले. सापियाह सगळ्यात आधी उठली आणि तिच्यामागून चौघंही आत घुसले.

बोल्ही बाहेरच्या व्हरांड्यात एकटाच उभा राहिला. पोटावरून त्याने हात फिरवला, काही टोचलेलं नव्हतं. मग नर्सचे शब्द त्याला आठवले. हे असंच चालू ठेवा. पुढच्या ईदला पुन्हा तेवीस घरं, रिकामं तोंड, रिकामे हात, आणि सांगायला एकही गुन्हा नाही. पुन्हा केककडे बघत बसावं लागणार. काळजीची गोष्ट होती.

बाकाला टेकून रोस्मावीची नवीन छत्री उभी होती. काळी, मूठ लाकडी. आतून रोस्मावीचा आवाज येत होता, "मी घाबरलेलो नाहीये, नुसतं विचारतोय."

बोल्हीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि छत्री बगलेत मारली.

सापियाह बोट चोखत बाहेर आली. "ही कोणाची?"

"पुढच्या ईदला सांगतो," तो म्हणाला आणि धक्क्याच्या दिशेने जरा भरभर चालू लागला.